उशिराची लहर

सोमवार, ३ तारीख

धाकटे,

तुझं पाकीट आज दुपारी हातात पडलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. वर 'ताई' नाही, खाली सही नाही, मधे चार ओळी. त्या इतक्यांदा वाचल्या की आता पाठ झाल्यात. 'आईला झटका आला. सोळा दिवस झाले, डोळे मिटून पडून आहे. दवाखान्यानं घरी पाठवलं. तिला ऐकू येतं का? तिच्याशी बोलू की नको? तुला कळतं म्हणून विचारते. येऊ नकोस, आलीस तर दार उघडणार नाही.' आणि समासात आडवं लिहिलंयस, 'उजव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर आपटत असते, हे काय?'

सोळा दिवस! अगं बाई, सोळा दिवस तू एकटीनं काढलेस आणि मला सतराव्या दिवशी कळवतेस, तेही मशीन बिघडल्यावर मेकॅनिकला कळवावं तसं. असो. भांडायला बसलेले नाही. विचारलंस त्याचं उत्तर देते.

बोल. आईशी बोल. रोज बोल, नेहमीचं बोल. दूध उतू गेलं, विजेचं बिल आलं, जे काय असेल ते. आणि डाव्या बाजूनं बोल, उजवा कान अकरा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनमधे गेलेला आहे.

आता ऐकू येतं का, ते. मी सव्वीस वर्षं काय करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू शेजारीपाजारी 'ताई थिएटरात असते' म्हणायचीस आणि लोक विचारायचे, सध्या कुठलं नाटक लागलंय. वरच्या मजल्यावरच्या काकू तर पास मागायला आल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, 'पास मिळेल हो, पण नाटक झोपून बघावं लागतं.' आठवतं?

तर मेंदूजवळ किंवा कानाच्या नसेजवळ ऑपरेशन असलं की मी पेशंटच्या कानात बोळा बसवते आणि त्यातून टक टक टक असा आवाज सोडते, सेकंदाला अकरा वेळा. डोक्याला चकत्या चिकटवलेल्या असतात, त्यातून मेंदूची वीज मशीनवर येते. टकटक कानात शिरली की लगेच पाच बारीक उंचवटे उमटतात. ते कानाच्या नसेचे आणि मेंदूच्या बुडख्याचे. त्यांना भुलीचं फारसं सोयरसुतक नसतं, माणूस मेल्यासारखा पडलेला असला तरी पाचही हजर. मग किंचित उशिरा आणखी एक लहर येते, वरच्या मेंदूची. भूल चढली की ती खाली बसते, मागे रेंगाळते आणि शेवटी सपाट होते. मी तिला उशिराची लहर म्हणते. भूल हलकी झाली की आधी तीच डोकं वर काढते.

म्हणजे असं समज की आवाज दारापर्यंत येतोच. आत कुणी उठून बघतंय का, ते उशिराच्या लहरीवरून कळतं. तेही अंदाजानंच. आतलं माणूस काय समजलं ते कुठल्याच मशीनला सांगता येत नाही.

आईची आताची झोप औषधाची नाही, त्यामुळे इथे बसून मी छातीठोक काही सांगू शकत नाही. ऑपरेशनच्या दिवसाचं मात्र सांगू शकते. त्या दिवशी तिची उशिराची लहर सपाट होती. तिला काहीही ऐकू गेलेलं नाही. हे अगदी नक्की.

बोटाचं काय ते कळेना. किती वेळा आपटते? झोपेतही? मोजून लिही. तुझ्या शेजारच्या मास्तरांकडे फोन आहे हे मला माहीत आहे, पण त्यांच्या बैठकीत उभी राहून तू हे बोलणार नाहीस आणि मीही नाही. म्हणून पत्रच लिही.

बॅग भरून ठेवलीय. तू 'ये' म्हणालीस तर तासाभरात निघेन. नाही म्हणालीस तरी भरलेलीच राहू दे.

मोठी

शनिवार, ८ तारीख

धाकटे,

तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा दोन ओळींनी मोठं आहे, म्हणजे प्रगती आहे.

'अकरा वर्षं मी डावीकडूनच बोलतेय, मला शिकवू नकोस.' बरं बाई, चुकलं. तू तिच्या कानाशी रोज पेपर वाचतेस हे वाचून बरं वाटलं. मरणाच्या जाहिराती मात्र गाळ. तिला त्या आवडायच्या, माहीत आहे, तरी गाळ.

आणि मग तू विचारलंयस, 'ऑपरेशनचं मी विचारलंच नव्हतं. मग तू का सांगितलंस? आणि नक्की, नक्की कशाला?'

लहानपणी बरणीतला गूळ मी खाल्ला की 'गूळ मी नाही खाल्ला' असं न विचारता सांगत सुटायचे आणि तू आईकडे बघून हसायचीस. तशीच पकडलीस. हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं.

त्या दिवशी आईच्या मशीनवर मी बसायला नको होतं. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आमच्यातलं कुणी बसत नाही, नर्स असो की डॉक्टर. पण हे मशीन चालवणारी त्या इमारतीत मी एकटी, आणि परक्या हाती आईचा कान द्यायला जीव धजेना. मोठे सर म्हणाले, 'तुमचा हात कापणार नाही ना?' मी म्हटलं, 'माझा कधी कापतो?' अशी ऐट होती माझी तेव्हा.

गाठ उजव्या कानाच्या नसेवर होती. म्हणून टकटक उजव्या कानात, आणि नियम असा की दुसऱ्या कानातही बोळा घालून त्यात सतत 'सों' असा आवाज ठेवायचा, म्हणजे गल्लत होत नाही. आदल्या दिवशी चाचणी घेताना तो आवाज आईला सहन झाला नव्हता. 'कानात पिठाची गिरणी लावलीस काय गं,' म्हणाली. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या डाव्या कानात बोळा घातलाच नाही. कुणाला सांगितलंही नाही. आई आहे, तिला त्रास नको, एवढंच मनात. नाहीतरी झोपल्यावर पेशंटला काय गिरणी नि काय बासरी! दुसऱ्या कुणाच्या आईचा कान मी उघडा ठेवला नसता. सव्वीस वर्षांत तो एकच.

भूल द्यायच्या आधी ती घाबरली होती. माझा हात सोडेना. मी टकटक हळू आवाजात चालू केली आणि म्हटलं, 'ही टकटक ऐकू येतेय ना, ती मी करतेय. ती चालू आहे तोवर मी शेजारी बसलेय असं समज.' तिनं मान हलवली. मग भूल चढली.

पहिला दीड तास सगळं सुरळीत चाललं. पाचही उंचवटे जागच्या जागी आणि उशिराची लहर सपाट. मग तिचा रक्तदाब घसरायला लागला. भूलवाले डॉक्टर म्हणाले, थोडी हलकी करतो. मोठे सर हात वर धरून थांबले. असं थांबायची वेळ आली की थिएटरात गप्पा सुरू होतात, तुला खोटं वाटेल, पण भाजीपासून मुलांच्या मार्कांपर्यंत सगळं बोलणं पेशंटच्या डोक्यावरून चालतं. सरांनी मला विचारलं, घरी यांचं कोण बघतं. मी काहीतरी बोलले. आणि उशिराची लहर उठली.

मोठी नव्हती. तव्यावरच्या पोळीला पहिला बारीक फुगा यावा एवढी. पण सपाट रेघेवर तेवढाही डोळ्यांत भरतो.

तू म्हणशील, मग त्यात काय. सांगते. एका टकीचं उत्तर मशीनवर दिसतच नाही. डोक्यात इतका गोंगाट असतो की ते त्यात बुडून जातं. म्हणून हजार टकटकींची उत्तरं एकावर एक ठेवून सरासरी काढायची. जे दर वेळी त्याच जागी येतं ते उरतं आणि एकदाच आलेलं विरून जातं. काही फारच वेडंवाकडं आलं तर मशीन ते कचरा म्हणून आपणहून फेकून देतं. त्या दोन मिनिटांत कचऱ्याचा आकडाही चढला होता आणि लहरही उठली होती. अशा वेळी माझं काम एकच. 'डॉक्टर, पेशंट हलकी वाटतेय,' एवढं म्हणायचं. चार शब्द.

मी म्हटले नाहीत. मी नोंदीत लिहिलं, 'वायर हलली.' पाचेक मिनिटांनी भूलवाल्यांनी आपणहून भूल वाढवली आणि रेघ पुन्हा सपाट झाली. छापलेला कागद मी फाइलला न लावता पर्समधे घातला.

वायर हललीही असेल. माझाच पाय लागला असेल. हे मी अकरा वर्षं स्वतःला सांगतेय.

मोठी

रविवार, ९ तारीख

धाकटे,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि चपला काढायच्या आधीच कळलं की मी पुन्हा गूळ लपवलाय. 'काहीतरी बोलले' म्हणे. काय बोलले ते लिहायची हिंमत झाली नाही. आज लिहिते. उत्तराची वाट बघत बसले तर पुन्हा हिंमत जाईल.

सर म्हणाले, 'घरी यांचं कोण बघतं?'

मी म्हटलं, 'मीच. दहा वर्षं झाली. आता नाही होत, सर. ही उठलीच नाही तर सुटेन एकदाची.'

असं बोलले मी. आईच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर, स्टुलावर बसून, हसत हसत. नर्सनं ट्रे उगाच इकडचा तिकडे केला. आणि मी मशीनकडे वळले तर ती लहर उठलेली.

थकले होते गं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे, तिची चक्कर, तिचं पडणं, तिला न्हाणीघरात धरून उभं करणं, परत येऊन ड्युटी. आठ दिवस नीट झोप नव्हती. पण थकलेली माणसं काय सगळी असं बोलतात? नाही ना. ते मी बोलले.

तिसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. मी चमच्यानं पाणी पाजत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, 'मला धाकटीकडे जायचंय.' बस, तेवढंच. पुढचं तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. तिला घरी सोडलं त्या दिवशी लिफ्टसमोर सगळ्यांदेखत मी तुझ्यावर तुटून पडले. 'तू आईचे कान भरलेस,' म्हणाले. 'तुला मूल नाही म्हणून माझी आई पळवतेस,' हेही म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, 'हो, भरले. झालं समाधान?' आणि स्ट्रेचर ढकलत गेलीस. नवरा म्हणाला, जा, माफी माग. मी त्यालाही झटकलं.

खरं सांगू? तुझ्यावर ओरडताना मला माहीत होतं की तू काही केलेलं नाहीस. मला वाटत होतं, आईनं ऐकलंय. तिनं ऐकलंय आणि ती माझ्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही. ते लोकांना कळण्यापेक्षा तुझ्या माथी मारणं सोपं होतं. आणि एकदा मारल्यावर तुझ्याकडे यायचं कुठल्या तोंडानं? आले असते तर ती समोर असती. तिनं विचारलं असतं, 'सुटलीस का?'

त्या दिवसापासून मला टकटक सोडत नाही. घड्याळाची असो, गळक्या नळाची असो, गाडी वळवतानाच्या दिव्याची असो. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ मी काढून ठेवलं, नवऱ्याला सांगितलं बंद पडलं. सेल बाहेर काढलेला त्यानं बघितला आणि ड्रॉवरमधे ठेवून दिला. थिएटरात मात्र पळायला जागा नाही. प्रत्येक पेशंटला भूल चढली, उशिराची लहर खाली बसली की मी तिच्याकडे डोळे लावून बसते आणि कुणी गप्पा सुरू केल्या तर खेकसते. नव्या डॉक्टरांनी माझं नाव 'शूऽऽ बाई' ठेवलंय. मला सगळं कळतं.

कधी कधी वाटतं, ओळखीच्या आवाजात कुणीतरी मागून विचारतंय, 'सुटलीस का गं?' वळून बघते तर रिकामं स्टूल. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. सगळे म्हणतात, सुटलीस. मी तिथून उठून जाते.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, कपाटात टॉवेलांच्या खाली. पाकिटात घालते आहे. शाई उडत चाललीय. वर तारीख आणि वेळ आहे, अकरा चाळीस. बारीक पेन्सिलीनं केलेली खूण माझी.

आता तुला विचारते, आणि खरं सांग. या अकरा वर्षांत ती कधी काही बोलली का? तिनं ते ऐकलं होतं का? आणि ऐकलं असेल, तर आता मला तिच्याजवळ येऊ देशील का? ती जायच्या आत मला तिच्या डाव्या कानात एकदा बोलायचंय. एवढंच मागते. नको म्हणालीस तर तुझा हक्क आहे.

मोठी

शनिवार, १५ तारीख

धाकटे,

सहा पानं! तुला परीक्षेतही कधी पुरवणी लागली नव्हती.

उभ्यानं वाचायला घेतलं आणि मग खाली बसले. नवऱ्यानं पाणी आणून दिलं तेही तसंच राहिलं. तू लिहिलेलं मी पुन्हा लिहितेय, कारण माझ्या हातानं लिहिल्याशिवाय ते माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

आईला दाखल केलं त्या दिवशी, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, तिचे कानामागचे केस काढायला कुणी येईना म्हणून मी न्हाव्याला शोधत खाली गेले होते. पंधरा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात आई तुला म्हणाली, 'ऑपरेशन झालं की मला तुझ्याकडे ने. मोठी मोडत आलीय. ती तोंडानं काही बोलत नाही, पण भिंतीपलीकडून तिचा उसासा मला ऐकू येतो. सकाळी उठताना, माझं ताट वाढताना, मला धरून उठवताना. दिवसातून शंभर वेळा. तिचा तिला कळतही नसेल. दहा वर्षांत ती माझ्यासमोर हसली नाही गं.' आणि तुझ्याकडून शब्द घेतला, 'मी मागितलं म्हणून तिला सांगू नकोस. हट्टी आहे, अडवेल. आणि अडवलं तर पुन्हा उसासे टाकत माझं करत बसेल.'

आदल्या दुपारी. म्हणजे मी ते वाक्य बोलण्याच्या आधीच तिचं ठरलं होतं. त्या लहरीला अर्थ असेल नसेल, ती उठली असेल किंवा माझा पाय वायरीला लागला असेल, त्यानं काही फरक पडला नाही. एकदा बोललेल्या एका वाक्यापायी मी अकरा वर्षं स्वतःला जाळत बसले. आणि जे मी रोज शंभर वेळा करत होते, दहा वर्षं, त्याच घरात, ते तिनं जाग्या कानांनी ऐकलं होतं. सरासरी काढणं हेच माझं काम, आणि मलाच दिसलं नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. ती रागावून गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली ती माझी कीव आली म्हणून.

आणि तू! लिफ्टसमोर तोंड उघडलं असतंस तर मी तिथंच गप्प झाले असते. तू लिहिलंयस, 'शब्द आईला दिला होता, पण राग माझा होता. तू मुलाचं बोललीस ना, त्यानंतर तुला सांगावंसं वाटलं नाही. खरं तर तू तडफडावीस असंच वाटत होतं.' बरं केलंस लिहिलंस. तेवढं माझ्या वाट्याचं होतंच. मुलाचं जे बोलले त्याची माफी पत्रातून मागत नाही, समोर येऊन मागेन. तू मारलंस तरी चालेल, लहानपणी मारायचीस तसं, पाठीत.

आता बोटाचं. ते वाचून मात्र मी रडले, लपवत नाही. उजवा कान गेल्यापासून तिच्या त्या कानात टकटक होत असते. कान गेल्यावर काहींना असे नसलेले आवाज येतात, ते आमच्या डॉक्टरांना माहीत आहे. लोक वैतागतात, गोळ्या मागतात, भिंतीवर डोकं आपटतात. आणि आईनं तुला कधी तक्रार केली नाही. तू एकदा कानवाल्या डॉक्टरांकडे नेते म्हणालीस तर तुझ्यावरच चिडली, 'राहू दे. ती मोठी बसलीय शेजारी. टकटक चालू आहे तोवर ती असते.' आणि बोटानं तुला ताल दाखवायची, अशी होतेय म्हणून.

माझ्या मशीनची टकटक एवढी संथ नसते. पण ते कुणाला सांगायचंय?

अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते, धाकटे, आणि मलाच माहीत नव्हतं.

तू शेवटी लिहिलंयस, 'ये. मशीन आणू नकोस.' आणणार नव्हतेच. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. हे पत्र बहुधा माझ्यामागून येईल, तेव्हा दोघी मिळून वाचू आणि तू माझ्या शुद्धलेखनाला नावं ठेव.

तुझी
ताई

मंगळवार, १८ तारीख, सकाळ

धाकटे,

तू आतल्या खोलीत घोरतेयस. घोरू दे, किती दिवसांनी सलग झोपली असशील. उठवत नाही, म्हणून तुझ्या हिशेबाच्या वहीचं पान फाडून हे लिहितेय. चहाचं आधण ठेवलंय, फक्त पत्ती टाक.

काल दार उघडलंस. तू एवढी पिकली असशील असं वाटलं नव्हतं. तुलाही तेच वाटलं असणार, माझ्या डोक्याकडे बघत होतीस.

मघाशी तू आतून ओरडलीस, 'काय झालं गं?' आणि मी 'काही नाही, झोप' म्हटलं. आता गूळ लपवायचा नाही असं ठरवलंय, म्हणून काय झालं ते लिहिते.

पहाटेपासून मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. बोट चालू होतं, पलंगाच्या कडेवर, टक, टक. मी वाकून म्हटलं, 'आई, मी आलेय, मोठी.' बोट तसंच चालू राहिलं. मग थिएटरात बोलले होते ते सगळं तिच्या कानात सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता, आणि माफी मागितली. तरी बोट तसंच. चेहऱ्यावर काही नाही, श्वास तोच. मला वाटलं, आत कुणी नाही. उशीर झाला.

मग तिची चादर सारखी करायला उठले, तिला कुशीवर वळवलं आणि नकळत माझ्या तोंडून उसासा गेला. मोठा, जुना, नेहमीचा.

बोट थांबलं.

मी नाडी बघितली. नाडी होती. श्वास होता. बोट मात्र कडेवर टेकून गप्प. मी मोजत बसले, एक मिनिट, दोन, तीन. माझं बोलणं, माझी माफी, कशानंही नाही, आणि उसाशानं थांबलं. तिनं मला कशानं ओळखलं बघ. वाटलं, आताही ही मला भार होऊ नये म्हणून गप्प पडून राहणार.

काय करावं सुचेना. आणि काय सुचावं तर त्या वरच्या काकू. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, 'आई, काकू आल्यात. पास मागतायत.' तिच्याच आवाजात म्हटलं, 'मिळेल हो, पण नाटक झोपून बघावं लागतं.' आणि मला हसू फुटलं. खरंखुरं गं, पोटातून. नाका-डोळ्यांतून पाणी आलं, थांबेना. तू ओरडलीस ते तेव्हा. मी रडत नव्हते, हसत होते.

आणि बोट चालू झालं.

अजून चालू आहे, मी लिहितेय तरी. आमच्या कामात एकदा झालेल्याला कुणी विचारत नाही. पुन्हा करून बघायचं, पुन्हा तसंच झालं तर खरं. उसासा पुन्हा टाकून बघितला असता तर आत्ता पाच मिनिटांत कळलं असतं, तिला ऐकू येतं की नाही ते. तू पहिल्या पत्रात तेवढंच तर विचारलं होतंस.

नाही टाकला. आता टाकणार नाही.

ताई